ल्यूथरचं ‘केवळ’: भाषांतर की घुसखोरी?

वसईचा वारा (धागाकर्ता)
बायबल लोकांच्या भाषेत आणलं म्हणून मार्टिन ल्यूथरला, पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाला, आपण डोक्यावर घेतो. घ्यावंच. वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसलेल्या माणसानं साधारण अकरा आठवड्यांत ग्रीक नवा करार (बायबलचा येशूनंतरचा भाग) जर्मनमध्ये आणला, हे काही खायचं काम नाही. सप्टेंबर १५२२ मध्ये तो विटेनबर्गला छापून निघाला.

पण त्यातलं रोमकरांस पत्र ३:२८ उघडा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या (यहुदी धर्मनियमांच्या) कर्मांवाचून, विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. ल्यूथर लिहितो, ‘केवळ विश्वासाने’. मूळ ग्रीकमध्ये ‘केवळ’ नाही, आणि ल्यूथर व कॅथलिक यांच्यातला मुख्य वाद याच शब्दावर. नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ असं एकाच ठिकाणी येतं, याकोबाच्या पत्रात (२:२४), आणि तिथे याकोब सांगतो की केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो! याच पत्राला ल्यूथरनं प्रस्तावनेत ‘पेंढ्याचं पत्र’ म्हटलं, आणि इब्री, यहूदा, प्रकटीकरण यांच्यासोबत शेवटी नेऊन ठेवलं, तेही अनुक्रमांक न देता. एका ठिकाणी पदरचा शब्द घालायचा आणि उलट साक्ष देणाऱ्याला मागच्या बाकावर बसवायचं, याला मी घुसखोरी म्हणतो.

नगरी मिरची
वसईकर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १५३० साली कोबुर्गहून लिहिलेल्या पत्रात त्यानं या आरोपाला उत्तर दिलंय. मुळात तो शब्द नाही हे मलाही दिसतं, म्हणतो. पण जर्मन माणूस एक गोष्ट सांगून दुसरी नाकारतो तेव्हा तो शब्द बोलण्यात येतोच. उदाहरण त्याचंच: शेतकरी फक्त धान्य आणतो, पैसे नाही. आपणही ‘धान्यच आणलं, पैसे नाही आणले’ असंच म्हणू. त्या ‘च’ला कोणी घुसखोर म्हणत नाही.

घरातली आई, गल्लीतली पोरं, बाजारातला साधा माणूस कसं बोलतात ते बघा आणि तसं भाषांतर करा, हे त्याचं सांगणं. आणि हे उरकून टाकलेलं काम नव्हतं. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाला तो आणि त्याचे विटेनबर्गचे भाषापंडित सहकारी मेलांक्थॉन व ऑरोगालुस असे तिघे बसले, तरी कधी चार दिवसांत तीन ओळी जेमतेम हातावेगळ्या व्हायच्या. बाकी, रोमकरांच्या पत्रावरच्या ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती पंडिताच्या भाष्यातही ‘केवळ विश्वास’ आहे, ल्यूथरच्या बाराशेहून अधिक वर्षं आधी.

वसईचा वारा
तेच पत्र पुढे वाचा. भाषेचा मुद्दा झाल्यावर तो स्वतःच लिहितो की मी नुसत्या भाषेसाठी हे केलं नाही, पौलाचा आशयच तो शब्द मागतो. म्हणजे अर्थ आधी ठरला, व्याकरण मागून आलं. शिवाय विरोधकांना सांगायला निरोप काय, तर डॉक्टर मार्टिन ल्यूथरला असंच हवंय, आणि पोपवाला (म्हणजे कॅथलिक) व गाढव एकच! ओरिजेन भाष्य लिहीत होता. भाष्यात काय हवं ते लिहा, समासात लिहा. पौलाच्या तोंडी कशाला?

तळटीप
मिरचीताई, बाजारातल्या भाषेचं सूत्र त्यानं सगळीकडे पाळलं असतं तर तुमचं पटलं असतं. योहान ६:२७ मध्ये देवानं ‘शिक्का मारला’ हे जर्मनमध्ये खटकतं हे त्याला माहीत होतं, तरी शब्द सोडला नाही, भाषा मोडली तरी चालेल म्हणाला. १५२९ ला मारबुर्गच्या वादसभेत तर कहर. वाद होता प्रभुभोजनातल्या भाकरीबद्दलच्या येशूच्या शब्दांचा. ‘हे माझे शरीर आहे’ यातल्या ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा घ्या, हे झ्विंग्ली या स्विस धर्मसुधारकाचं म्हणणं. ल्यूथरनं ते वाक्य खडूनं टेबलावर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि तसूभर हलला नाही. कुठे अक्षर धरायचं आणि कुठे आशय, हे शेवटी ठरवणार कोण?

कावेरीकाठ
परक्या भाषेत तर हे आणखी कठीण. तंजावरच्या मराठी राज्याला लागून असलेल्या तरंगमबाडीला १७०६ मध्ये त्सिगेनबाल्ग हा ल्यूथरन (ल्यूथरच्या पंथाचा) पाद्री उतरला. पोरांसोबत वाळूत अक्षरं गिरवत तमिळ शिकला, त्याचा तमिळ नवा करार १७१५ पर्यंत छापून झाला. तरी पुढे फॅब्रिशियस या पाद्र्याला, तोही ल्यूथरनच, ते सगळं नव्यानं करावं लागलं. परक्या माणसाला बाजारातली भाषा कानावर पडते, पण कळायला वेळ लागतो.

चुन्याची डबी
१९९९ ला ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी माणूस नीतिमान कसा ठरतो याच विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या की. मिटलंय ते. झोपा आता.

नगरी मिरची
डबीसाहेब, २०१७ च्या सुधारित ल्यूथर बायबलमध्येही ‘केवळ’ जागेवर आहे. घोषणापत्रानं दोन्ही पंथांनी एकमेकांच्या शिकवणीवर घातलेले जुने शाप मागे पडले, ओळ कोणी खोडली नाही.

तळटीप, ठरवणारा निकष त्यानं लपवला नव्हता: जे पुस्तक ख्रिस्ताकडे नेतं ते प्रेषितांचं (म्हणजे प्रमाण), मग लिहिणारा कोणी असो. हा निकष लावूनही याकोब त्यानं गाळला नाही, नीट भाषांतर केलं. पेंढ्याचा शेरा पुढच्या आवृत्त्यांतून गेला. आवडनिवड प्रस्तावनेत उघड मांडली.

तळटीप
निकष उघड आहे, पण त्यातून भांडण मिटत नाही. १९७४ ला अमेरिकेत सेंट लुईसमध्ये मिसूरी सिनॉड या ल्यूथरन चर्चच्या सेमिनरीतून (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयातून) बहुतेक प्राध्यापक आणि विद्यार्थी बाहेर पडले. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा करावी का, हाच वाद. दोन्ही बाजू ल्यूथरचंच नाव घेत होत्या.

वसईचा वारा
आणि प्रस्तावना वाचतं कोण? तुमचा बाजारातला माणूस ओळ पाठ करतो. त्याच्या लेखी ‘केवळ’ पौलाचाच.

नगरी मिरची
मग त्याच्या पोराला ग्रीक शिकवा. १५२४ ला ल्यूथरनं जर्मन शहरांच्या नगरसभांना हेच लिहिलं होतं: तोफा, रस्ते, बंधारे यांवर दरवर्षी पैसा ओतता, तर शाळाही काढा आणि मुलांना ग्रीक-हिब्रू येऊ द्या. आपली ओळ तपासली जाऊ नये असं वाटणारा माणूस असली मागणी करत नाही.