दुसऱ्याच्या कोडमधली चूक कशी दाखवावी?

प्रश्न: एकांनी जावा या भाषेत बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीचे दर वेळी दोन भाग करत शोधणं) लिहून दिलंय. मधला इंडेक्स (यादीतला क्रमांक) काढायला लो आणि हाय (शोधायच्या भागाची सुरुवात आणि शेवट) यांची बेरीज करून २ ने भागलंय. मोठ्या अ‍ॅरेवर (यादीवर) हे फसतं. थेट त्यांचा कोड बदलू का?

उत्तर १: नको. कंस किंवा स्पेलिंग राहिलं असेल तर खुशाल दुरुस्त करा. पण इथे तर्क बदलतोय, तेव्हा त्यांच्या कोडखाली टिप्पणी लिहा आणि बदल त्यांना करू द्या. नुसतं 'चूक आहे' म्हटलं तर त्यांच्या हाती काय लागणार? आकडे द्या: लो १५० कोटी, हाय २०० कोटी. बेरीज इंटच्या (जावातल्या पूर्णांक प्रकाराच्या) २१४७४८३६४७ या कमाल मर्यादेच्या पुढे जाते, इंट उलटून उणे होतो, मधला इंडेक्स उणे ३९७४८३६४८ येतो. मग उपाय: लो + (हाय − लो) / २.

उत्तर २: सूर मात्र जपा. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतली (तयार कोडच्या संग्रहातली) हीच चूक २००६ मध्ये उघड झाली, त्यामुळे समोरच्याला अडाणी ठरवू नका. अ‍ॅरेत साधारण १०७ कोटींहून जास्त घटक असतील तरच हे घडतं, तेही सांगा. आणि भाषा बघा! पायथनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. तिथे हीच दुरुस्ती सुचवणं गैरलागू.

प्रश्नकर्ता: आकड्यांसकट खाली लिहितो. आभार.