शुद्धलेखनाचं खापर मोबाइलवर नको
'मेसेजमधल्या शॉर्टकटमुळे मुलांचं शुद्धलेखन बिघडतं' हे वर दोघांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या संशोधकांनी 10 ते 12 वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. मेसेजमध्ये लघुरूपं जास्त वापरणाऱ्या मुलांचं शब्दवाचन उलट चांगलं निघालं. एकामुळे दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण बिघाडाचा पुरावा मिळाला नाही हेही खरंच. कारण समजण्यासारखं आहे. शब्द कापायचा आणि तरी समोरच्याला कळायला हवा, तर त्यातले कोणते आवाज ठेवायचे हे आधी नीट कळावं लागतं.

माझी भाची मैत्रिणीला 'कुठेय', 'येतेस्का' असं खरडत असते. तीच परवा बाईंना रजेचा मेसेज लिहीत होती, तेव्हा 'येऊ शकणार नाही'मधला ऊ दीर्घच ना, हे मला विचारून मगच तिने पाठवला. कोणाशी कसं लिहायचं ही जाण पोरांना असते. मला काळजी आहे ती वेगळीच: लांब, सलग मजकूर वाचायची सवय सुटत चाललीय, आणि त्यावर घरात कोणी बोलत नाही.