मदत हवी आहे : जुन्या इमारतीतलं दुकान, महापालिकेची २६४ ची नोटीस

नमस्कार मंडळी. जळगावात वडिलांचं किराणा दुकान, भाड्याचं, १९७८ पासून. इमारत जुनी, हे मान्य. पावसाळ्यात मागची भिंत फुगते, गुळाच्या ढेपा पुढं ओढून ठेवाव्या लागतात. पण तुळया सागाच्या, अजून ठणठणीत.

घरमालक दादा गेले, आता नातू बघतो. चार महिन्यांपासून भाडंच घेत नाही. 'काका, खाली करा, मग बोलू.' लेखी काही द्यायला तयार नाही. त्यात महापालिकेची कलम २६४ ची नोटीस आली, धोकादायक इमारत म्हणून.

इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे म्हणे. वकील म्हणतात, भाडे नियंत्रण कायदा १९९९ आपल्या बाजूनं आहे, पण कागद पक्के ठेवा. आमच्याकडं २००९ नंतरच्या पावत्याच नाहीत, वडिलांचा सगळा विश्वासावर कारभार!

जळगाव, धुळे, भुसावळकडं कुणी यातून गेलंय का? भाडं कोर्टात कसं भरलं? स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी) स्वतःच्या खर्चानं केलं तर महापालिका ग्राह्य धरते का? आणि खाली करण्याआधी नव्या गाळ्याचं काय लिहून घेतलं? नोटिशीची मुदत पंधरा दिवसांवर आलीय.