सिंड्रेला तोंडी सांगायची आहे, पाठ करू का?

विजापूर_रोड: नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत मे महिन्यात पोरांसाठी गोष्टींचा कार्यक्रम ठरलाय आणि परीकथा माझ्या गळ्यात पडल्यात. पहिली सिंड्रेला. पुस्तक हातात नको, समोर उभं राहून सांगायची. पण सगळ्यांनी कार्टून पाहिलंय. घरी तालीम केली तर लेकच म्हणाली, "पप्पा, हे माहितीये." शब्दन् शब्द पाठ करून नाटकी आवाजात म्हणू का? आणि जर्मन ग्रिम बंधूंच्या गोष्टीत सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून पाय कापतात, ते ठेवू की गाळू?

नाट्यवेडा: पाठ करा की हो. हातात माइक घ्या, मागं संगीत सोडा. शंकर पाटील, मिरासदार यांच्या कथाकथनाला गर्दी व्हायचीच ना?

बालवाडीच्या_बाई: ते स्वतः लिहिलेल्या कथा सांगायचे, तिथं वाक्य हललं की कथा हलते. परीकथेला मालक नाही. दादा, पाठ करू नका. पाठ केलेला माणूस पोरांकडं बघत नाही, पुढचं वाक्य शोधत बसतो.

मी सोलापूरच्या पूर्वभागात बालवाडी चालवली. बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू. त्यांच्या एका आजीकडून मी राजाच्या सात मुलांची गोष्ट उचलली. सात मुलं शिकारीला जातात, सात मासे आणून उन्हात टाकतात, एक वाळतच नाही. (सोलापूरच्या उन्हात! पहिला हशा इथंच.) "चेपा चेपा, एंदुकु एंडलेदु?" म्हणजे माशा माशा, का वाळला नाहीस? मासा म्हणतो, गवताची गंजी आड आली. गंजी म्हणते, गाईनं खाल्लं नाही. गाय म्हणते, गुराख्यानं सोडलं नाही. गुराख्याला आजीनं भाकरी दिली नाही, आजीकडं बाळ रडत होतं, बाळाला मुंगी चावली. आणि मुंगी म्हणते, माझ्या सोन्याच्या वारुळात बोट घातल्यावर चावू नको तर काय करू? मी ही कधी एकसारखी सांगितली नाही. गाईची म्हैस व्हायची, भाकरी कडक व्हायची. पण क्रम आणि तो प्रश्न हलवायचा नाही. दोन-तीनदा ऐकला की पोरंच ओरडून विचारतात.

सिंड्रेलाही तशीच बांधा. ग्रिमचीच घ्या, तिथं परी नाही, भोपळाही नाही. आईच्या थडग्यावर लावलेल्या फांदीचं झाड होतं आणि त्यावरचा पांढरा पक्षी कपडे टाकतो. कार्टूनवाली पोरं इथं गप्प होतात. पुढं कबुतरं आहेत, ती पोरांच्या हवाली करा. बहीण राजपुत्राच्या घोड्यावर बसून निघाली की सगळ्यांनी: "गुटर्र गूं, गुटर्र गूं, बुटात रक्त, नवरी खोटी!" दोन बहिणी, दोनदा. तिसऱ्यांदा "नवरी खरी!"

म्हणून पाय कापणं गाळता येत नाही, नाहीतर कबुतरं ओरडतील कशावर? एका वाक्यात सांगा, सुरी रंगवत बसू नका. शेवटी कबुतरं बहिणींचे डोळे फोडतात, ते खुशाल सोडा. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत ते नव्हतंच, १८१९च्या आवृत्तीत आलं. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७च्या गोष्टीत तर ती बहिणींना माफ करून त्यांची लग्नं लावून देते.

विजापूर_रोड: बाई, कबुतरं पक्की! पण एखादं लहान पोर घाबरलं तर?

बालवाडीच्या_बाई: उभे राहू नका, त्यांच्यातच खाली बसा, म्हणजे चेहरे दिसतील. ओठ काढलेला दिसला की रक्त तिथंच सोडून कबुतरांकडं पळा. एका मोठ्या पोराला हुंकार द्यायला बसवा. त्याचं "हं... हं..." थांबलं तर समजा, तुम्ही पाल्हाळ लावलंय.

नाट्यवेडा: आणि माइक?

बालवाडीच्या_बाई: वीस-पंचवीस पोरांना माइक कशाला? माइक हातात आला की हात अडकतो, घोडा कसा हाकणार? फक्त वेळ दुपारची नको, ऊन उतरल्यावर गच्चीवर बसवा. कूलरच्या घरघरीपुढं माझाही आवाज टिकत नाही.