पहिला असेंबल्ड संगणक : ५०,००० रुपयांत भाग कसे निवडावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या मुलीने यंदा संगणक शाखेच्या पदविकेला प्रवेश घेतला असून तिच्यासाठी सुटे भाग आणून घरीच संगणक जोडावा, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. मॉनिटर धरून ५०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. की-बोर्ड, माउस आणि ६०० व्हीएचा यूपीएस घरात आहे. तिला सी, जावा आणि पायथन शिकायचे आहे, ब्लेंडरमध्ये थोडे त्रिमितीय काम करून पाहायचे आहे, आणि मला वर्गासाठी चित्रित केलेल्या प्रयोगांचे व्हिडिओ संपादित करावे लागतात. खेळांची आवड दोघांनाही फारशी नाही.

ओळखीच्या दुकानातून मिळालेल्या कोटेशनमध्ये असे लिहिले आहे : ‘आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएससह गेमिंग कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, विंडोज मोफत, एकूण ३२,००० रुपये.’ आकडे चांगले वाटतात आणि १८,००० रुपये वाचतात. परंतु मुलगी म्हणते, ‘बाबा, यात एकाही वस्तूचे पूर्ण नाव नाही.’ तिची शंका योग्य आहे का? आणि हे कोटेशन बाजूला ठेवायचे झाले, तर सुरुवात कोठून करावी?

तांब्याची तार

सर, आपल्या मुलीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ‘आय५’ हे इंटेल कंपनीच्या एका प्रोसेसरचे नाव नसून २००९ पासून चालत आलेल्या मालिकेचे नाव आहे, त्यामुळे त्यापुढचा पूर्ण क्रमांक समजल्याशिवाय त्या शब्दाला काहीच किंमत नाही. या भावात मिळणारा ‘आय५’ बहुतेक वेळा चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा, जुन्या कार्यालयीन संगणकातून काढलेला असतो. त्यासोबत येणारी रॅम डीडीआर३ असते आणि ती पुढे कोणत्याही नव्या बोर्डावर (मदरबोर्डवर) बसत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर मागते आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे असा संगणक घरी येतो तोच मुदत संपलेला. ‘विंडोज मोफत’ याचा अर्थही बहुधा परवाना नसलेली प्रत असाच असतो.

दुकानदारांना प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) या चारही वस्तूंची पूर्ण नावे आणि प्रत्येकीची वॉरंटी लिहून मागा. लिहून द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर तेथून काही घेऊ नका.

कृष्णाकाठ

आज विचारून आलो. प्रोसेसर आय५-४५७० आणि कार्ड जीटी ७३० असल्याचे सांगण्यात आले. दोन्हींवर दुकानाची एक महिन्याची वॉरंटी आहे, एसएमपीएसचे नाव मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

मंद्रसप्तक

मग तो विषय संपला. जीटी ७३० हे २०१४ चे, त्या वेळीही अगदी खालच्या श्रेणीतले कार्ड आहे आणि आजच्या साध्या रायझनच्या, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या, पोटातले ग्राफिक्स त्याहून बरेच सरस आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ५०,००० मध्ये मॉनिटरही बसवायचा असताना कार्डासाठी पैसे काढायचे, तर ते रॅम किंवा एसएमपीएसच्या वाट्यातून निघतात आणि संगणक सगळीकडून लंगडा होतो.

मी रायझन ५ ५६००जी सुचवीन. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आत वेगा ७ ग्राफिक्स, आणि खोक्यात कूलर येतो. त्यासोबत बी५५० चिपसेटचा, शक्यतो रॅमच्या चार जागा असलेला बोर्ड पाहा. या ‘चार जागां’कडे पहिल्यांदा संगणक जोडणाऱ्यांचे लक्ष जात नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरते. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी बसवली, तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती ये-जा करू शकते आणि दोन पट्ट्या योग्य जागी बसवल्या तर ५१.२ जीबी. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या कागदावर सारख्या दिसल्या, तरी ब्लेंडरमध्ये आकृती फिरवताना त्यांतला फरक डोळ्यांना दिसतो. दोनच जागा असलेल्या बोर्डावर ८ अधिक ८ बसवले की जागा भरून जातात आणि पुढे ३२ जीबी करायची तर दोन्ही पट्ट्या काढाव्या लागतात. चार जागा असतील तर नुसती भर घालता येते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत, की विकत घेतलेली पट्टी पुढे वाया जाऊ नये याला आज फार महत्त्व आहे.

विंडोजला सगळी १६ जीबी दिसणार नाही. त्यांतली काही ग्राफिक्ससाठी राखली जाते, तो दोष नव्हे. एसएसडी ५०० जीबी किंवा १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी) घ्यावी.

देवगिरी_७

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत असूनही प्रोसेसरबाबत माझे मत वेगळे आहे. सरांचे नेहमीचे काम व्हिडिओ संपादनाचे आहे आणि तेथे इंटेलच्या क्विक सिंकचा (प्रोसेसरमधल्या व्हिडिओ-प्रक्रियेच्या खास सोयीचा) चांगला उपयोग होतो, म्हणून आय५-१२४०० आणि डीडीआर४ चालणारा एच६१० बोर्ड या जोडीचाही भाव काढावा. त्यातही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. ब्लेंडरचे सायकल्स रेंडरिंग (आकृतीपासून अंतिम चित्र तयार करणे) या दोन्ही संगणकांत प्रोसेसरवरच होणार, त्यामुळे तेथे वेगा ७ चा विशेष लाभ नाही. शिवाय ५६००जी पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि प्रोसेसर यांमधली जोडणी) ३.० वरच थांबतो, तर १२४०० मध्ये पुढे कार्ड घेतल्यास ४.० चा वेग मिळतो. फक्त खोक्यावर ‘१२४००एफ’ नाही ना, हे नीट पाहा. ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते आणि स्वतंत्र कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही.

मंद्रसप्तक

संपादनाचा मुद्दा मान्य आहे. परंतु एच६१० च्या बोर्डांवर रॅमच्या दोनच जागा असतात आणि आकृती हाताळताना, म्हणजे रेंडरिंगच्या आधीच्या सगळ्या वेळात, वेगा ७ पुढे राहते. शिकणाऱ्या मुलीचा बहुतेक वेळ तेथेच जाणार आहे, म्हणून मी ५६००जीवर ठाम आहे.

तांब्याची तार

प्रोसेसर दोन्हींपैकी कोणताही घ्या, पण एसएमपीएसवर काटकसर करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी गेली बारा वर्षे दुरुस्तीचे काम करतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस उघडला, तर वर ‘४५० वॅट’ छापलेले असते आणि आत करंगळीएवढा ट्रान्सफॉर्मर, पातळ वायरी आणि इनपुट फिल्टरच्या जागी बोर्डावर नुसती रिकामी भोके असतात. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याचा संगणक माझ्याकडे आला. वीज जाऊन आली तेव्हा असा एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्ड व एसएसडी दोन्ही घेऊन गेला. त्यात त्याचे वर्षभराचे प्रकल्पाचे काम होते आणि ते मला परत मिळवून देता आले नाही. आपला संगणक पूर्ण भारावरही साधारण १५० वॅटच्या आसपास राहील, त्यामुळे मोठ्या आकड्याची गरज नाही. नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याच्या) मानांकनाचा, किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेला ४५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला आणि आपला ६०० व्हीएचा यूपीएसही त्याला पुरेल.

आणखी एक गोष्ट पैशांची नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे. टेबलाजवळच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण मागच्या स्क्रूला हाताची पाठ लागली की मुंग्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. अनेक घरांत प्लगची तिसरी पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवलेला मी पाहिला आहे. कृपया तसे करू नये.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचा ऋणी आहे. पुण्यातून ५६००जी, चार जागांचा बी५५० बोर्ड, ८ अधिक ८ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई, ४५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस, साधे हवेशीर कॅबिनेट आणि २२ इंची आयपीएस मॉनिटर असे सगळे पक्क्या बिलावर घेतले. एकूण ४८,७०० रुपये झाले. विंडोजचा परवाना तूर्त घेतलेला नाही, मुलीने उबुंटू (मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली) घालायचे ठरवले आहे. रविवारी जोडणी करणार आहोत. काय सांभाळावे?

मंद्रसप्तक

मागची पत्र्याची पट्टी, म्हणजे आय/ओ शील्ड, सुटी आली असेल तर ती बोर्डाआधी बसवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे आणि वरून अजिबात दाबू नये, कारण या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात व सहज वाकतात. खोक्यातला कूलर स्क्रूचा आहे, त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात. ते काढताना मागची धातूची पट्टी सुटून पडते, म्हणून तिला खालून हात लावून धरा. चारही स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवा.

कृष्णाकाठ

जोडणी मुलीनेच केली, मी टॉर्च धरून बसलो होतो. पहिल्यांदा पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि आम्ही दोघेही घाबरलो. तिने वीज बंद करून एकेक भाग पुन्हा पाहिला, तेव्हा चौथ्या जागेतली रॅमची पट्टी एका टोकाला जेमतेम एक मिलिमीटर वर राहिलेली दिसली. अंगठ्याने दाबताच ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढच्याच वेळी बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जचा पडदा) दिसले. तेथे रॅम ३२०० ऐवजी २६६६ वर चालत असल्याचे तिच्याच लक्षात आले. हे बोर्डाचे बिघाडलक्षण तर नव्हे ना?

देवगिरी_७

नाही. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचा, रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारा पर्याय असतो (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात). तो चालू करून सेव्ह करा, म्हणजे ३२०० दिसेल.