साताऱ्यात सूर्यकिरणचा एअर शो पाहिजे का नको? बोला

कंदी_पेढा
परवा पोवई नाक्यावर चहा पिता पिता विषय निघाला की सूर्यकिरणचा, म्हणजे हवाई दलाच्या विमानांच्या कसरती करणाऱ्या टीमचा, शो एकदा साताऱ्यात व्हावा म्हणून निवेदन द्यायचं का. सहा जण होतो, तिघं हो म्हणाले, दोघं नको, एक जण भजी खात होता. मी हो वाल्यांत. 2024 च्या जानेवारीत मरीन ड्राइव्हला भाच्याला घेऊन गेलेलो, सूर्यकिरण, हेलिकॉप्टरवाली सारंग, पॅराशूटनं उड्या मारणारी आकाशगंगा तिन्ही होते. नऊ लाल पांढरी हॉक विमानं आधी दिसतात, आवाज मागनं येतो, आणि आवाज यायच्या आत ती भलतीकडंच पोचलेली असतात. भाचा एरवी दोन मिनिटं गप बसत नाही, तो माझा शर्ट मुठीत धरून तोंड उघडं टाकून उभा. घरी आल्यावर बघितलं तर खिशापाशी चुरगळून घामाचा डाग पडलेला, बायको म्हणाली हे काय आणलंत मुंबईवरनं.
तर मुद्दा असा की देशातली पहिली सैनिक शाळा आपल्याकडं, 1961 ची. अपशिंगे मिलिटरी आपल्याकडं, पहिल्या महायुद्धात एका गावातनं 46 जण गेले. कर्नल संतोष महाडिक पोगरवाडीचे, पॅरा स्पेशल फोर्सेसचे. माणसं आम्ही द्यायची आणि विमानं मात्र मुंबई, बंगळूर, चेन्नईच्याच डोक्यावरनं फिरणार? तुमचं मत सांगा, शिव्या नकोत.

कृष्णाकाठची
दादा राग मानू नका पण मला हे पटत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीत दोन दिवस गच्चीवर होतो, सासूबाईंची शुगरची गोळी संपलेली, खाली पहिल्या मजल्याच्या खिडकीला पाणी लागलेलं. आम्हाला शेवटी बाहेर काढलं ते शेजारच्या गावातल्या पोरांनी, टायरच्या ट्यूबवर फळ्या बांधून. ब्रह्मनाळला तर बोट उलटून माणसं गेली. तेव्हापासून हेलिकॉप्टरचा आवाज आला की मी आधी गच्चीकडं बघते. आणि तुम्ही म्हणता सारंगची हेलिकॉप्टरं मोरासारखी रंगवून आकाशात नाचवायची. बघायला छान दिसतं हो, मी नाही म्हणत नाही. पण एवढं इंधन आणि एवढे हुशार पायलट गंमतीसाठी का?

घाटमाथा
ताईंशी सहमत, आणि माझा मुद्दा अजून कडक आहे. गंमतीत माणसं मरतात. 2006 ला बिदरजवळ सूर्यकिरणचे दोघं गेले. 2010 ला हैदराबादला नेव्हीच्या सागर पवन टीमचं विमान घरांवर पडलं, दोघं पायलट गेले. 2019 ला बंगळूरच्या येलहंकाला एअरो इंडिया शोच्या सरावात सूर्यकिरणची दोन हॉक एकमेकांना धडकली, विंग कमांडर साहिल गांधी गेले. 2025 च्या नोव्हेंबरात दुबईला तेजस पडलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले, ते टीमचं नव्हतं, एकट्याचं प्रदर्शन होतं, पण शोच होता ना. यातला एक पण लढाईत गेला नाही. पब्लिकनं टाळ्या वाजवाव्यात म्हणून गेले.
आणि अजून एक, हवाई दलानं स्वतःच 2011 ला सूर्यकिरण बंद केलेलं. का, तर टीम तेव्हा उडवायची तीच किरण विमानं नवीन पायलटांना शिकवायला कमी पडत होती. परत सुरू झालं 2015 ला हॉकवर, नऊचा ताफा व्हायला अजून दोन वर्षं. म्हणजे गरज पडली की पहिलं हेच बंद करतात, यातच आलं सगळं.

कंदी_पेढा
घाटमाथा, जोखीम आहे म्हणून बंद करायचं तर मग बावधनचं बगाड पण बंद करा की. शिडाला माणूस टांगून बैलांनी ओढत आणतात ते चालतं, आणि ज्यांनी आयुष्यभर तेच शिकलंय त्यांनी केलं की गंमत होय?
ताई तुमचं दुःख समजतं, पण सारंगची हेलिकॉप्टरं 2013 ला उत्तराखंडच्या पुरात शो सोडून माणसं काढायला गेलेली. हवाई दलाची ध्रुव हेलिकॉप्टरंच ती, मोर नुसता रंगवलेला आहे वरनं.

वाईकर
बगाडाला मधी आणू नका. तो नवस आहे, शो नाही.

रिटायर्ड_आबा
पोरांनो मी कोरेगावकडचा. हवाई दलात होतो, त्यातली काही वर्षं आग्र्याला. पायलट नव्हतो, आधीच सांगतो, नाहीतर माझ्यावरच तुटून पडाल. पॅराशूट पॅकिंगला होतो. शिकाऊ पोरं उड्या मारायची त्यांच्या गोल छत्र्या आम्ही घड्या घालायचो. लांबच्या लांब टेबल असतं, त्यावर कापड पसरायचं, एकेक दोरी बोटात धरून बघत जायचं कुठं गुंता नाही ना, शिवण उसवली नाही ना, मग घड्या, मग दोऱ्या रबरात अडकवत नागमोडी भरायच्या, आणि शेवटी कार्डावर सही. ती सही माझी. विमान वर गेलं की मी कितीतरी वेळा ग्राउंडवर जाऊन उभा राहायचो आणि मोजायचो, किती पडले किती उघडल्या. सगळ्या उघडल्या की मग चहा.
आकाशगंगा 1987 पासनं आहे, आग्र्यालाच. त्यांची छत्री वेगळी, चौकोनी, गादीसारखी, कप्प्यात हवा भरते आणि माणूस तिला वळवू शकतो. उघडायच्या आधी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत असतो. उतरताना दोन्ही हातांनी दोऱ्या खाली ओढतो आणि असा टेकतो जसा एसटीचा जुना कंडक्टर गाडी थांबायच्या आधी उतरतो, दोन पावलं चालला की झालं. पाठीवर राखीव छत्री असते, आणि एक यंत्र असतं, ठराविक उंचीच्या खाली माणूस अजून जोरात पडतोय असं दिसलं की राखीव छत्री आपोआप सोडतं. एवढं असून 2025 च्या एप्रिलमध्ये आग्र्यालाच आकाशगंगाचा एक प्रशिक्षक गेला. ती बातमी वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. घाटमाथा, तुझं दुःख खोटं नाही लेका.
पण गंमत हा शब्द मागं घे. नऊ विमानं पंखाला पंख लावून पाच मीटरच्या आत उडतात तेव्हा कडेचा पायलट जमिनीकडं बघत नसतो, तो फक्त लीडरच्या विमानावरच्या खुणेकडं बघत असतो. लीडर जाईल तिकडं तो. 1982 ला अमेरिकेच्या थंडरबर्ड्सची चार विमानं सरावात ओळीनं जमिनीवर आदळली, लीडरच्या विमानात बिघाड झाला आणि मागचे तिघं त्याच्या मागं गेले. हे वेडेपण वाटेल तुम्हाला. पण धुक्यात, ढगात, एकाचा रेडिओ गेला तर दुसऱ्याच्या पंखाला लागून घरी यायचं ते ह्याच कामावर. आणि सूर्यकिरणचे पायलट बाकीच्या वेळी पोरांना शिकवणारेच असतात बहुतेक.

नाईट_स्टडी_सातारा
आबा कडक 🙏 पण शो बघून भरती होते वगैरे म्हणतात ना ते आमच्यात लागू नाही. आमच्या गावात पहाटे पाचला चाळीस पोरं डांबरीवर पळतात, त्यातल्या कुणीच विमान जवळनं बघितलेलं नाही. अग्निवीर झाल्यापासनं निम्मी पोरं विचारतात चार वर्षांनी काय. त्याचं उत्तर लाल पांढऱ्या विमानात नाहीये. बाकी शो झाला तर मी येणार, क्लासला बुट्टी.

घाटमाथा
आबा शब्द मागं घेतला, गंमत नाही म्हणत. पण पायलटनं स्वतः जोखीम घेतली ती त्याची. खाली उभ्या माणसानं कुठं घेतलेली? 1988 ला जर्मनीत रामस्टाइनला इटलीच्या टीमची तीन विमानं धडकली आणि एक जळत पब्लिकमध्ये आलं, 70 मेले. 2002 ला युक्रेनमध्ये स्क्निलिवला सुखोई पडलं, 77 मेले, त्यात लहान पोरं. आपल्याकडं शाहू स्टेडियमच्या चारी बाजूला घरं, वर अजिंक्यतारा. कुठं पाडणार विमान पडायचं ठरलं तर?

रिटायर्ड_आबा
रामस्टाइननंतरच तर नियम कडक झाले. पब्लिकपासून अंतर ठरलेलं, पब्लिकच्या दिशेनं विमान आणायचं नाही, कसरतीची रेषा आखलेली. शहराच्या मधोमध नाही करत. मोकळं रान लागतं किंवा पाणी. मरीन ड्राइव्हला समुद्र म्हणून जमलं. साताऱ्यात जागा शोधणं अवघडच आहे हे मान्य.

कंदी_पेढा
कास?

वाईकर
कासच्या पठारावर लाख माणसं नेणार? 2012 ला युनेस्कोच्या यादीत घातलंय ते, फुलं पायाखाली तुडवायला नाही. तुमच्यापेक्षा विमानं बरी, ती वरनं तरी जातात.

विटेकर_पोल्ट्री
मी विट्याकडचा, मला यात पडायचं नव्हतं. पण कुणीच बोलत नाही म्हणून सांगतो. शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत, वरनं एकदम मोठा आवाज आला की सगळे एका कोपऱ्यात पळतात, एकावर एक चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. मागं लग्नाच्या वरातीतल्या फटाक्यानं झालंय माझ्याकडं, सकाळी टोपल्या भरून काढले. एअर शो करा, चांगली गोष्ट आहे, पण सरावाची तारीख आणि वेळ आधी गावागावात कळवा. शोची कळवतात, सरावाची कोण कळवत नाही आणि सराव चार दिवस चालतो.

कृष्णाकाठची
विटेकर दादांचा मुद्दा बरोबर आहे. आणि मी अजून एक बोलते, मग गप बसते. 2024 च्या 6 ऑक्टोबरला चेन्नईत मरीना बीचवर हवाई दलाचा शो झाला. विमान एक पण पडलं नाही, सगळं व्यवस्थित, आणि तरी पाच माणसं गेली. ऊन, पाणी नाही, शो संपल्यावर लाखो लोक एकदम घरी निघाले, रस्ता गच्च, स्टेशन गच्च. माझी नणंद चेन्नईला असते, ती त्या दिवशी पोराला कडेवर घेऊन तीन तास चालत घरी गेली, रस्त्यात एका दुकानदारानं आत घेऊन पोराच्या डोक्यावर पाणी ओतलं. तुम्ही सगळे वर बघताय आणि घात खाली होतोय.

वाईकर
ताई हे मात्र अगदी खरं. आमच्याकडं हे सांगायला चेन्नईला जायची गरज नाही. 25 जानेवारी 2005, मांढरदेवीची जत्रा. मी तेव्हा कॉलेजला, खाली वाईच्या स्टँडवर होतो. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, लोक पडले, मागनं रेटारेटी, मग दुकानांना आग, सिलिंडर. तीनशेच्या आसपास माणसं गेली. रात्री स्टँडवर लोक नावं घेऊन ओरडत फिरत होते, चपलांचा ढीग मी विसरत नाही अजून. त्या गर्दीला कोणी विमान दाखवलेलं नव्हतं. डोंगरावर एकच वाट होती, तेवढंच.
म्हणून मी बगाडाला मधी आणू नका म्हणालो. बगाड्याला काय होईल याची काळजी सगळं गाव करतं. गाडा ओढला जातो तेव्हा कडेला जे उभे असतात त्यांची कोण करतं?

कंदी_पेढा
गप झालो खरं सांगू का. मी निवेदनात जागा, तारीख, पाहुणे, पोवाडा सगळं लिहिलेलं आणि पाण्याचा प शब्द नव्हता त्यात. मरीन ड्राइव्हला पण परत येताना चर्चगेटला आम्हाला दीड तास लागलेला, भाचा खांद्यावर झोपलेला, ते मी वर सांगितलंच नाही, कारण आठवण्यासारखं वाटलं नाही. विमानं तेवढी लक्षात राहिली.
पण मी हो वरच आहे अजून. घाटमाथा, तुझ्या यादीत पायलट आहेत ते सगळे स्वतःहून ह्या कामाला गेलेले, जबरदस्तीनं कुणाला सूर्यकिरणला पाठवत नाहीत. ते गेले म्हणून त्यांचं काम बंद करा हे त्यांना पटलं असतं का?

घाटमाथा
मेलेल्या माणसाच्या तोंडात आपलं मत घालायचं नाही भावा. माझं नको वर आहे.

नाईट_स्टडी_सातारा
एक प्रश्न, तो रंगीत धूर कशाचा असतो? मित्रात पैज लागलीय.

रिटायर्ड_आबा
डिझेलचा. इंजिनातनं गरम हवा बाहेर पडते तिच्यात डिझेल सोडायचं, त्याची वाफ होते आणि बाहेर थंड होऊन पांढरा धूर दिसतो. रंग पाहिजे तर त्यात डाय मिसळतात. सूर्यकिरणचे तिरंगी धुराचे पॉड नाशिकच्या आपल्या डेपोत बनवलेत. पैज कोण हरलं?

नाईट_स्टडी_सातारा
मी 😐 मला वाटलेलं होळीचा रंग असतो.

कंदी_पेढा
आबा, निवेदन परत लिहितोय. दुपारी ठेवायचा नाही, सकाळी लवकर. दर दोनशे मीटरला पाण्याचा टँकर. जायला यायला दोन वेगळे रस्ते, नाहीतर जागाच रद्द. सरावाची तारीख ग्रामपंचायतीत फळ्यावर, पोल्ट्रीवाल्यांना आधी फोन. अजून काय घालू?

विटेकर_पोल्ट्री
फोन आठ दिवस आधी. आदल्या रात्री नको.

कृष्णाकाठची
बायकांच्या बाथरूमचं लिहा. कोण लिहीत नाही.

रिटायर्ड_आबा
लिही की ज्येष्ठांना बसायला खुर्च्या, माझे गुडघे गेलेत. आणि आकाशगंगा आली तर मला उतरायच्या जागेच्या जवळ बसवा. मोजायची सवय आहे.