कुर्बानी: घरी बोकड, संस्थेत हिस्सा की सरळ रोख मदत? (नागपूर)

मानेवाडा_रिंगरोड
सलाम, नमस्कार. यंदाची (२०२६) बकरी ईद २८ मेच्या आसपास, म्हणजे भर नवतपात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस). गरिबांपर्यंत जास्तीत जास्त पोहोचावं असं मनात आहे, म्हणून चार गोष्टी विचारतो.
घरात मी, बायको आणि आई. मी आणि बायको दोघंही नोकरीत. आईकडे ८ तोळे सोनं आहे आणि बँकेत थोडे पैसे. तिघांत मिळून एक बोकड चालेल का? बोकडाची किंमत सरळ एखाद्या गरजू घराला दिली तर? एक संस्था परराज्यात आणि परदेशातही मोठ्या जनावरातले हिस्से करून देते, दर बराच कमी आहे, तिथे करावं का? आणि घरीच केलं तर या उन्हात मटण वाटायचं कसं?

मसला_सोपा
आधी आईचं पाहू, कारण चूक तिथेच होते. निसाब म्हणजे जेवढ्या मालमत्तेपासून कुर्बानी सक्तीची होते ती मर्यादा. सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम. पुस्तकात "साडेसात तोळे" लिहिलेलं असतं, पण तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. सराफाच्या आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने ते पावणेनऊ तोळे होतात. म्हणजे ८ तोळ्यांवर निसाब भरत नाही, असं वाटतं. पण सोन्यासोबत थोडी जरी रोकड किंवा चांदी असली तर सगळ्याची एकत्र किंमत काढतात आणि ती ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीशी ताडून पाहतात. त्या हिशेबाने आई कधीच निसाबच्या वर गेल्या. जकातीसारखं (वार्षिक सक्तीचं दान) वर्ष उलटायची अट इथे नाही. कुर्बानीच्या दिवसांत (जिलहिज्ज या इस्लामी महिन्याची १० ते १२ तारीख) मालकी असली की झालं.

हनफी मसलकात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) प्रत्येक साहिबे निसाबवर (निसाबइतकी मालमत्ता असलेल्यावर) कुर्बानी वेगळी वाजिब (सक्तीची). तुमचा आणि वहिनींचा हिशेबही असाच स्वतंत्र लावा. नोकरी आहे म्हणून वाजिब होत नाही, गरजेपलीकडे हातात काय उरतं ते बघायचं. तिघंही बसत असाल तर तीन बोकड किंवा मोठ्या जनावरात तीन हिस्से. शाफई मसलकात, उदाहरणार्थ कोकणी मुसलमानांत, ती सुन्नत आहे (सक्तीची नाही) आणि घरातल्या एकाने केली की घराचं काम भागतं. "आमच्याकडे तर एकच करतात" हे ऐकून गोंधळू नका, ते त्यांच्या मसलकाप्रमाणे बरोबरच आहेत.

रोख रकमेचं: कुर्बानीचे दिवस असेपर्यंत पैसे दिल्याने वाजिब फिटत नाही. इबादत (उपासना) जनावर जिबह करण्यात (कापण्यात) आहे, मटण वाटणं त्याच्या पुढचं. १२ जिलहिज्जचा सूर्य मावळला आणि कुर्बानी राहूनच गेली, तर मात्र मध्यम बोकडाची किंमत सदका (दान) करावी लागते. वाजिब उरकल्यावर वरचे पैसे नफ्ली (ऐच्छिक) सदका म्हणून हवे तितके द्या, त्याला कोणी अडवत नाही.

आणि गरिबांचा वाटा. तीन भाग (घर, नातलग-मित्र, गरीब) करणं मुस्तहब (चांगलं मानलेलं) आहे, सक्ती नाही. सगळंच वाटलं तरी चालतं. दोनच ठिकाणी सगळं वाटावंच लागतं: मन्नतीची कुर्बानी, आणि मयताने वसियत केली असून त्याच्याच मालातून केलेली. मन्नतीचा रस्सा ज्याने मन्नत मानली त्यानेही चाखायचा नाही, इथे पुष्कळ जण फसतात.

वाटप_पहिला_दिवस
संस्थेबद्दल. स्वस्त आहे म्हणून संशय घ्यायचं कारण नाही, हिस्सा मोठ्या जनावराचा असेल तर दर कमी येणारच. पण पैसे भरण्याआधी एवढं विचारा:

कुठल्या दिवशी? परदेशात ईद बहुधा आपल्या एक दिवस आधी असते. तिथे जिलहिज्जची १० तारीख आणि आपल्याकडे ९ असताना जनावर कापलं, तर हनफी मुफ्तींच्या मते तुमची वाजिब होत नाही, कारण तुमच्यावर ती अजून लागूच झालेली नाही. भारतात १० तारीख लागल्यानंतर, पण तिथले दिवस संपायच्या आत व्हायला हवी. हे पावतीवर लिहून मागा.

कोणाच्या नावाने? एका जनावरात जास्तीत जास्त सात हिस्से. सातांतल्या एकाचाही इरादा नुसता मटणाचा असला तर सातही जणांची कुर्बानी जाते. म्हणून चांगल्या संस्था "वाजिब / नफ्ली / अकीका" असा रकाना ठेवतात. अकीका (बाळाच्या जन्मानिमित्तची कुर्बानी) त्याच जनावरात चालतो.

उरलेल्या पैशांचं काय? जनावर स्वस्त मिळालं तर वरची रक्कम तुमची असते, संस्थेची नाही. "उरल्यास सदका" असं आधीच लिहून दिलं की प्रश्न मिटतो.

निरोप कधी? तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत "झाली" असा निरोप हवा. नाही आला तर संध्याकाळच्या आत इथे करायला वेळ हातात राहतो. मगरिबनंतर (सूर्यास्तानंतर) आलेला फोटो काय कामाचा?

इथल्या इथे हिस्सा घेणार असाल तर तो म्हैसवर्गाचाच. महाराष्ट्रात गाय कापायला आधीपासूनच आणि बैल, वळू कापायला २०१५ पासून बंदी आहे. दोन वर्षं पूर्ण झालेलं जनावर, आणि वाटणी तराजूवर. सात ढीग अंदाजाने लावून "घ्या बाप्पा आपापले" असं चालत नाही, वजन सारखंच हवं.

दोनदाती
बोकड घेणार असाल तर माझा मजकूर वाचा, बाकी मसले वर आलेत.

वय एक वर्ष पूर्ण. बाजारात पुरावा म्हणजे दात. खालचा ओठ खाली ओढा. पुढे आठ दात दिसतील, वरच्या बाजूला पुढे दात नसतातच. आठही बारीक, सारखे, पांढरे असले तर तो आदत. मधले दोन पडून त्या जागी रुंद, पिवळसर दोन आले असले तर दोनदाती, म्हणजे वर्ष निश्चित उलटलं. घरच्या गोठ्यातला, जन्मतारीख पक्की माहीत असलेला आदत चालतो. व्यापारी शपथेवर सांगतो म्हणून आदत घेऊ नका.

दोष: एका डोळ्याने आंधळा, चौथा पाय टेकतच नाही असा लंगडा, हाडात मगज उरला नाही इतका रोडका, कान किंवा शेपूट एक-तृतीयांशाहून जास्त कापलेली, शिंग मुळातून उपटलेलं, हे बाद. जन्मतः शिंगं नसलेला चालतो. खस्सी (खच्ची केलेला) चालतो, उलट मटणाला बरा.

वजन: बाजारात मीठ चारून पाणी पाजतात, पोट टम्म दिसतं. नजरेवर जाऊ नका, शिंप्याचा टेप न्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८००. घेर ७०, लांबी ६२ आली तर साधारण २८ किलो. हाडासकट मटण त्याच्या निम्म्याहून थोडं कमी धरा: १३ किलो. आपली विदर्भाची बेरारी जात याच मापाची येते. गरिबांसाठी करायचं असेल तर एका देखण्या उंच जमनापारीच्या पैशात दोन बेरारी येतात का ते आधी विचारा.

घरी आणल्यावर बोकड मरतो तो बहुधा लाडाने. पोळ्या, गहू, भिजवलेले चणे पोटभर घातले की पोटात आम्ल होतं, पोट फुगतं, जनावर सकाळी आडवं. तुरीचा कुटार, कडुलिंब-बाभळीचा पाला, सावली, पाणी, बस्स. ईदच्या आधी १२ तास चारा बंद, पाणी सुरू. वाजिब असलेल्याचा बोकड मेला तर त्याला दुसरा घ्यावा लागतो.

मानेवाडा_रिंगरोड
आईचा हिशेब अगदी लक्षातच आला नव्हता, आभारी आहे. दोन बोकड घरी आणि एक हिस्सा संस्थेत असं ठरतंय. वाटपाचं कोणी सांगेल का? कातडी आणि खाटकाची मजुरीही.

वाटप_पहिला_दिवस
मजुरी रोख, आणि वेगळी. मटण, मुंडी किंवा कातडं मजुरीत कापून देता येत नाही. बक्षीस म्हणून नंतर दिलं तर हरकत नाही. घरकामाच्या मावशींनाही हेच: द्या, पण पगारात धरू नका. कातडं विकलं तर ते पैसे जकातपात्र माणसालाच. मदरशाला द्यायचं असेल तर दोन-तीन तासांत न्या, किंवा मांसाची बाजू वर करून जाडं मीठ चोळा, कातड्याच्या वजनाच्या एक-तृतीयांश तरी. आदल्या दिवशी फोन करून विचारा, भाव पडल्यापासून सगळे घेत नाहीत. केस गळायला लागले की कोणीच घेत नाही.

मटण. नागपुरात ४४-४५ अंशांत सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम मटण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवणं. आतली ऊब बाहेर पडत नाही, दोन तासांत हाडाजवळून वास येतो आणि घेणारा संकोचाने बोलत नाही, गुपचूप फेकतो. सकाळी नमाजनंतर लगेच जिबह. तुकडे ओल्या फडक्याने पुसा, धुऊ नका. स्टीलच्या परातीत पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास, मग अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या थर्माकोलच्या डब्यात. बर्फ वेगळ्या पिशवीत, खाली आणि वर. दोन बोकडांचं २६ किलो घरच्या फ्रीजरमध्ये एकदम कोंबू नका, मधलं गार होतच नाही. गरिबांचा भाग आधी बाहेर काढा, ११ वाजेपर्यंत संपवा. उरलेलं घरासाठी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

अर्ध्या किलोने एक-तृतीयांशात १७ घरं होतात. कच्चं मटण त्यालाच द्या ज्याच्याकडे चूल, तेल आणि मसाला आहे. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या आवारात पेशंटसोबत थांबलेल्यांना कच्चं देऊन उपयोग नाही, शिजवून भातासोबत द्या. तेही वाटपच.

मुसलमान नसलेल्या शेजाऱ्यांना देता येतं, पण यंदा विचारून. १७ मे ते १५ जून अधिक महिना आहे, पुष्कळ घरं खाणार नाहीत. शिवाय बकरी ईद चांद्र महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणून दरवर्षी एकादशीच्या मागेपुढेच पडते. हिस्स्याचं देत असाल तर म्हशीचं आहे हे तोंडाने सांगा, पिशवीवर लिहून भागत नाही.

दोनदाती
एक राहिलं. पोटातला चोथा आणि आतडी नालीत नको, पहिल्या पावसात तीच तुंबते. दुहेरी पोत्यात चुना टाकून गाठ मारा आणि मनपाच्या गाडीतच द्या. गाडी तुमच्या वस्तीत किती वाजता येते ते आदल्या दिवशी झोन ऑफिसात विचारून ठेवा.